वाळू, कोअर आणि चिंचोके: उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीतली कल्पना-कार्यशाळा

बेळगावातलं तिसरं रेल्वे गेट ओलांडून खानापूर रस्त्याला लागलं की उद्यमबाग येते आणि पुढे पिरनवाडी, मच्छे. ओतकाम, मशिनिंग, हायड्रॉलिक्स अशा लहानमोठ्या कारखान्यांची इथे दाटी आहे. खाली मांडलेली फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, नमुन्याची आहे. या पट्ट्यात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एका छपराखाली आणल्या आहेत आणि आकडे हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. अडचणी मात्र कुठल्याही कारखान्यातल्या माणसाला ओळखीच्या वाटतील.

कारखान्यात ६५ माणसं, त्यातली निम्मी ठेकेदाराची. मुख्य माल म्हणजे चार किलोचा ग्रे आयर्नचा ब्रॅकेट, मधे आरपार भोक. साचा ग्रीन सँडचा, म्हणजे ओलसर वाळूचा; भोकासाठी साच्यात बसवायचा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, सोडियम सिलिकेटचा, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वायूने घट्ट केलेला. उन्हाळ्यात शंभरात चार नग बाद व्हायचे, जून सरता सरता ते आठवर गेले. त्यात भर म्हणजे बरेच नग कारखान्यात चांगले दिसून गेले आणि गिऱ्हाइकाकडे मशीनवर चढल्यावर आतलं ब्लोहोल (वायूची पोकळी) उघडं पडून परत आले. मालकांनी ठरवलं, सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि नव्या कल्पना काढायच्या.

पहिला प्रयत्न

शनिवार, पहिली पाळी सुटल्यावर, दुपारी चार ते सहा. कँटीनमध्ये २६ माणसं, समोर प्रोजेक्टर, बाहेरून आलेले एक मार्गदर्शक. पडद्यावर प्रश्न: ‘रिजेक्शन कमी कसे करावे?’ मालक पहिल्या रांगेत. सुरुवातीची वीस मिनिटं तेच बोलले, अगदी कळकळीने, आणि बोलता बोलता स्वतःचा अंदाजही सांगून गेले: वाळू नीट मिक्स होत नाही. मग म्हणाले, ‘आता सगळ्यांनी मोकळेपणाने बोला.’

कोणी बोललं नाही. थोड्या वेळाने क्वालिटीचा इंजिनिअर बोलला, मग सुपरवायझर, मग पुन्हा इंजिनिअर. दोन तासांत २६ पैकी पाचजण बोलले. फळ्यावर ३४ सूचना झाल्या. त्यातल्या १३ ‘कामगारांनी लक्ष द्यावे’ या जातीच्या, ९ नवीन मशीन घेण्याच्या, ७ वाळू मिक्सिंगच्या, म्हणजे मालकांचंच वाक्य वेगळ्या शब्दांत. उरलेल्या पाचांतली एक कोअर शॉपमधल्या माणसाची होती, ‘शटरजवळचा रॅक’ एवढीच, आणि तिच्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. सव्वापाचला किणये-जांबोटीकडची माणसं चुळबुळ करू लागली, कारण पुढची बस चुकली की तास-दीड तास थांब्यावर. शेवटी फोटो झाला, यादी फाइलला लागली, आणि तीन आठवड्यांत त्यातलं काहीही हललं नाही.

‘आमच्या लोकांना कल्पनाच सुचत नाहीत’ हा निष्कर्ष अशा वेळी हमखास निघतो, आणि तो साफ चुकीचा असतो. रॅकवाली सूचना त्याच फळ्यावर होती. तिला वर यायला वाट नव्हती.

नेमकं कुठे अडलं

प्रश्न फार मोठा होता. रिजेक्शन हा एक दोष नाही. ब्लोहोल, वाळू शिरणं, आकसून पडलेली पोकळी, कोअर सरकणं, सगळं त्यात येतं आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. एवढ्या मोठ्या प्रश्नाला माणूस मोठंच आणि पोकळ उत्तर देतो: लक्ष द्या, ट्रेनिंग द्या, मशीन घ्या.

दुसरं, मालक आधी बोलले. त्यांचा हेतू चांगला होता. पण ज्याच्या हातात पगार आहे त्याने कारण सांगितल्यावर सव्वीस माणसांसमोर ‘मालक, वाळू नाही, कोअर’ असं कोण म्हणणार?

तिसरी अडचण जगभरची आहे. एका वेळी एकानेच बोलायचं म्हटलं की बाकीच्यांच्या डोक्यातलं वाट बघता बघता विरून जातं. अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकन जाहिरातवाल्याने ब्रेनस्टॉर्मिंग लोकप्रिय केलं. पण १९५८ मध्येच येल विद्यापीठातल्या प्रयोगात दिसलं की तेवढीच माणसं एकेकटी बसवली आणि त्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या, तर त्या एकत्र बसलेल्या गटापेक्षा जास्त निघतात. मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये त्यामागचं मोठं कारण दाखवलं: पाळी येईपर्यंत थांबावं लागणं. आधी गप्प बसून विचार आणि मग बोलणं, हा क्रम त्यामुळेच बरा ठरतो.

चौथी अडचण इथली, सीमाभागाची. या कारखान्यात मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही चालतात. बोलताना कोणाचं अडत नाही; एकाच वाक्यात तिन्ही भाषा सुखाने नांदतात. अडतं ते लिहिताना. कोअर शॉपमधला बैलहोंगलचा माणूस कन्नडच लिहितो, खानापूरचा मोल्डर (साचे भरणारा) मराठी, बाहेरून आलेले फेटलिंगवाले (ओतीव नग घासून साफ करणारे) हिंदी, आणि सहा-सातजण काहीच लिहीत नाहीत. शिवाय इथे फळ्यावर कुठली भाषा हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून तो घराघरात आहे. फळ्यावर एकच लिपी आली की अर्धी खोली न बोलता मागे सरते.

म्हणूनच ६-३-५ ही प्रसिद्ध पद्धत इथे जशीच्या तशी लावू नये. ती १९६८ मध्ये जर्मनीतल्या बेर्न्ड रोरबाख यांनी मांडली: सहा माणसांनी दर पाच मिनिटांत प्रत्येकी तीन कल्पना लिहायच्या आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा, की अर्ध्या तासात १०८ कल्पना. पण शेजाऱ्याला तो कागद वाचता आला पाहिजे ना. त्यापेक्षा डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन यांची १९७१ ची पद्धत इथे जास्त बसते: आधी प्रत्येकाने एकट्याने, मग एकेकाने मोठ्याने सांगायचं, शेवटी गुप्त मत. मोठ्याने सांगण्यात लिपी आडवी येत नाही.

पाचवी गोष्ट पैशाची, आणि ती कोणी तोंडावर सांगत नाही. मोल्डरला बॉक्सवर, म्हणजे साच्याच्या पेटीमागे, पैसे. दोन तास बसला म्हणजे त्याचे पंचवीस-तीस बॉक्स गेले. ठेकेदाराच्या माणसाला वेगळी भीती: काम सोपं झालं तर दोन माणसं कमी होतील, आणि त्यातला एक मीच असेन. ही भीती खोटी नसते. तिच्यावर भाषण चालत नाही.

दुसऱ्या खेपेची तयारी

दिवस ठरवला तो भट्टीचं लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, बदलण्याचा. त्या दिवशी पोअरिंग, म्हणजे धातू ओतणं, नसतंच, मोल्डिंगही थंड असतं. शनिवार संध्याकाळ टाळली, आणि भातलावणी ऐन भरात असलेला आठवडाही टाळला, कारण तेव्हा पश्चिमेकडच्या गावांतली निम्मी माणसं शेतात असतात. वेळ सकाळी नऊ ते साडेदहा आणि पुन्हा पावणेअकरा ते सव्वाबारा. बॉक्सवर काम करणाऱ्यांना मागच्या महिन्याच्या सरासरीने त्या तासांचे पैसे. ही गोष्ट आदल्या दिवशीच, ठेकेदाराला शेजारी उभं करून सांगितली.

माणसं २६ ऐवजी १२: मोल्डर दोन, कोअर शॉप दोन, भट्टी एक, पोअरिंग एक, फेटलिंग दोन, पॅटर्न (साचा उमटवायचा नमुना) दुरुस्ती एक, वाळू तपासणारा एक, क्वालिटी एक, आणि गिऱ्हाइकाच्या मशीन शॉपमधला एक ऑपरेटर. या शेवटच्या माणसाला बोलवायला लोक कचरतात, घरची भांडणं पाहुण्यासमोर नकोत म्हणून. पण भोक कुठल्या बाजूला, किती खोलवर उघडतं ते फक्त त्यालाच माहीत असतं. सुपरवायझरना या बाराजणांत घेतलं नाही. त्यांच्याशी आदल्या दिवशी अर्धा तास वेगळं बोलणं झालं, नाहीतर त्यांना डावलल्यासारखं वाटतं आणि पुढे प्रत्येक चाचणी तेच अडवतात.

मालकांचं काम तीन वाक्यांचं, कागदावर लिहून दिलेलं. एक: या कामातून निघालेल्या बदलामुळे कोणाचाही रोज किंवा जागा जाणार नाही, ठेकेदाराच्या माणसाचीही. दोन: पाच हजार रुपयांपर्यंतच्या चाचणीला मला विचारायचं नाही. तीन: साडेअकराला मी परत येतो आणि वरच्या कार्डांवर हो, नाही किंवा नंतर, यांतलं एक सांगून जातो, उरलेल्यांचं उत्तर ४८ तासांत. मग बाहेर. पहिलं वाक्य पाळता येणार नसेल तर ते म्हणू नये आणि कार्यशाळाही घेऊ नये. एकदा मोडलेला असा शब्द पुढची दहा वर्षं कँटीनमध्ये ऐकू येतो.

सामान थोडकं: पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं २००, जाड टोकाचे मार्कर १५, सुतळी आणि चाप, चहाचे कागदी कप २०, एक वाटी चिंचोके. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाद झालेले सहा ब्रॅकेट, बँड-सॉवर मधोमध कापलेले.

प्रश्न एका ओळीत: ‘पावसाळ्यात ब्रॅकेटच्या भोकाच्या वरच्या अंगाला येणारी ब्लोहोल, नवीन मशीन न घेता, चार आठवड्यांत निम्मी करायची तर काय बदलता येईल?’ दोष कुठला, कुठल्या जागी, कधी, मर्यादा काय, मुदत किती, हे सगळं त्यात आहे. तो तिन्ही भाषांत तोंडी सांगितला आणि फळ्यावर लिहिण्याऐवजी ब्रॅकेटचं चित्र काढून ब्लोहोलच्या जागी लाल गोल केला.

कापलेला तुकडा

पहिली वीस मिनिटं फक्त तुकडे हातात घेऊन बघायची. कापलेल्या तोंडावर बोराच्या बीएवढी पोकळी, आतून गुळगुळीत, चकचकीत. अंगठ्याचं नख फिरवलं तर कुठे अडकत नाही. वायूने केलेली पोकळी अशीच असते. धातू आकसून झालेली असती तर आतून खरबरीत, काट्याकाट्यांची लागली असती; वाळू शिरली असती तर कण दिसले असते. सहापैकी पाच तुकड्यांत पोकळी गुळगुळीत आणि कोअरला लागूनच वरच्या बाजूला होती. वाद न घालता अर्ध्या खोलीला कळलं की वायू कोअरमधून येतोय. पाण्याची वाफ झाली की शंभर अंशांनाच ते सोळाशेपट जागा मागतं, आणि इथे चौदाशे अंशांच्या आसपासचा धातू ओलसर कोअरवर पडतो. त्या वाफेला बाहेरची वाट सापडली नाही तर ती धातूतच घुसते.

पाच मिनिटांचं स्लाइडवरचं स्पष्टीकरण हे काम करत नाही. हातात तुकडा आला की पदही बाजूला पडतं आणि भाषाही.

मग आठ मिनिटं शांतता. ज्याला लिहिता येतं त्याने आपल्या भाषेत, एका कार्डावर एकच कल्पना. ज्याला येत नाही त्याला लिहून देणारा जोडीदार, पण दुसऱ्या खात्यातला, आणि नियम असा की माणूस बोलेल तेच शब्द उतरवायचे, सुधारून नाही. चित्र काढलं तरी चालेल. १२ पैकी चौघांनी काढलं. त्यानंतर एकेकाने एकेक कार्ड मोठ्याने सांगायचं, फेरीवर फेरी, कार्डं संपेपर्यंत. टीका नाही, कौतुकही नाही. प्रत्येक कार्ड मराठीत आणि कन्नडमध्ये एकेकदा सांगितलं गेलं. वीस मिनिटं धरली होती, लागली अडतीस. दोन भाषांत चालणार असेल तर या टप्प्याला दुप्पट वेळ धरावा.

४७ कार्डं झाली. सारखी एकत्र केल्यावर २१ उरली.

इथे एक चूक झाली, ती सांगण्यासारखी आहे. कोअर शॉपमधल्या कन्नडभाषक माणसाने सांगितलं, ‘ओळगे गाळी’. लिहून देणारा तरुण कोल्हापूरकडून नवा आलेला. त्याने कार्डावर लिहिलं, ‘आत गाळ’. कार्ड वाळूच्या दोषांच्या ढिगात गेलं. कन्नडमध्ये गाळी म्हणजे हवा. माणूस सांगत होता की कोअरमधून हवा जायची वाट बुजते, म्हणजे बरोबर उलटी गोष्ट. कार्ड मोठ्याने वाचलं तेव्हा त्याने नाही म्हणून मान हलवली, पण बोलला नाही. मग त्याच्या हातात कापलेला तुकडा दिला, तेव्हा त्याने पोकळीवर बोट ठेवून फुंकर मारून दाखवली. त्यानंतर लिहून देणारा माणूस कोण हे बघण्याची शिस्त लागली: दोन्ही भाषा बोलणारा, इथलाच, आणि शक्यतो फेटलिंगमधला, कारण त्याचं कोअर आणि मोल्डिंग दोघांशीही हाडवैर नसतं.

‘हे आम्ही आधी करून बघितलंय’ हे वाक्य येणारच. ते जुन्या मोल्डर मामांकडून आलं. त्यांना गप्प करणं सोपं असतं आणि मोठी चूक असते. विचारायचं: मामा, कधी? कुठल्या नगावर? किती बॉक्स? ते म्हणाले, ‘चार वर्षं झाली बघा, कोअरला तारेनं भोकं पाडायलावतो, पण वॉश लावला की बुजायलीत.’ वाट का बुजते ते सापडलं: ग्राफाइट वॉश, म्हणजे कोअरवर द्यायचा लेप, दाट होता आणि भोक पाडल्यानंतर लावला जात होता. नकार म्हणून आलेलं वाक्य कल्पनेला पूर्ण करून गेलं.

मत गुप्त. फळ्यामागे २१ कार्डं, त्यांतल्या सर्वांत जवळच्या कल्पना एकत्र करून २० कप, प्रत्येकाला पाच चिंचोके, एकेकाने आत जाऊन टाकून यायचं. हात वर करून मत घेतलं की सगळे क्वालिटीवाल्याच्या हाताकडे बघतात. साठ चिंचोक्यांपैकी १४ पडले ‘कोअरचा रॅक शटरपासून हलवा’ यावर. पहिल्या कार्यशाळेत जी कल्पना फळ्याच्या कोपऱ्यात पडून होती तीच. शटर पश्चिमेला आहे, पावसाची झड तिकडूनच येते, आणि सीओटूचे कोअर हवेतली ओल ओढून घेतात. मोल्डिंगला जवळ म्हणून रॅक तिथे ठेवला गेला होता.

साडेअकराला मालक आले आणि पहिल्या सहा कार्डांवर निर्णय दिले: तीन हो, एक नाही, दोन नंतर. ‘नाही’ कोअर सुकवायच्या ओव्हनला मिळालं, कारण तोंडावर सांगितलं: यंदा पैसे नाहीत. नाराजी झाली नाही. कारण कळलेला नकार लोक पचवतात; फाइलमध्ये गेलेला होकार पचत नाही. उरलेल्या कार्डांचं उत्तर ४८ तासांत सूचनाफलकावर लागलं, चित्रांसकट.

चाचण्या आणि त्यातले घोळ

तीन चाचण्या निघाल्या. रॅक पूर्वेच्या भिंतीला हलवून कोअर २४ तासांच्या आत वापरणं. वॉश पातळ करून आधी लावणं, मग तारेने वाट मोकळी करणं. आणि वाळूतली ओल कमी करणं.

तिसरी दुसऱ्याच दिवशी फसली. वाळूतलं पाणी ३.८ टक्क्यांवरून ३ वर आणलं, पण बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) आणि मिक्सिंगचा वेळ तोच ठेवला. वाळू भुरभुरीत झाली, पॅटर्न उचलताना साच्याच्या कडा ढासळू लागल्या, आणि ब्लोहोलच्या जागी वाळूचे दोष आले. चाचणी थांबवली आणि तेही फलकावर लिहिलं. फसलेली चाचणी लपवली की पुढच्या वेळी कोणी कार्ड लिहीत नाही. इथे वाळू तपासणारा माणूस आधीपासून दुखावलेला होता, सगळे आपल्याकडेच बोट दाखवतायत म्हणून. फसण्याचं कारण फलकावर त्यानेच समजावून सांगितलं, आणि तो पुन्हा कामात आला.

रॅकच्या चाचणीत खरी गोम मोजण्यात होती. सुरुवातीला ठरलं, शंभर नग काढून बघू. शंभरांत आठऐवजी पाच बाद झाले तर काही सिद्ध होत नाही. काहीच न बदलता एखाद्या दिवशी पाच, एखाद्या दिवशी अकरा निघतात. दोन्ही बाजूंना निदान सहाशे नग हवेत. दुसरं, आधी जुना रॅक आणि पुढच्या आठवड्यात नवा रॅक असं करायचं नाही, कारण मधेच पाऊस उघडला तर श्रेय रॅकला जाईल. म्हणून एकाच दिवशी, एकाच भट्टीच्या धातूने, एक बॉक्स जुन्या रॅकच्या कोअरचा तर दुसरा नव्याच्या. नग ओळखायला साच्यात हीट नंबरशेजारी (हीट म्हणजे धातूचा एक घाणा) एक जादा टिंब उमटवायचं. ते ओतीव नगावर उठून येतं आणि फेटलिंगनंतरही टिकतं. खडूची किंवा रंगाची खूण शेक-आऊटमध्ये, म्हणजे साचा फोडतानाच, जाते.

पहिले दोन दिवसांचे आकडे टाकून द्यावे लागले. रात्रपाळीला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी सवयीने नवे कोअर जुन्याच रॅकवर लावले आणि दोन्ही मिसळले. कार्यशाळेला बसलेली बाराही माणसं दिवसपाळीची होती. ही चूक फार ठिकाणी होते, आणि ती टाळायला निदान दोन माणसं रात्रपाळीची घ्यावी लागतात, त्यांना त्या दिवशीची पूर्ण हजेरी देऊन.

पुन्हा सुरू केल्यावर ६०० आणि ६०० नगांत जुन्या रॅकचे ४७ बाद, नव्याचे २९. एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता कमी होती, तरी मोजणी आणखी एक आठवडा चालू ठेवली. वॉशच्या चाचणीचा निकाल इतका स्वच्छ आला नाही. तारेची वाट मोकळी ठेवणारा हात बदलला की आकडे बदलत होते, म्हणून ती ‘नंतर’ मध्ये गेली.

चोवीस तासांचा नियम पाळायचा कसा, हा प्रश्न उरला. सुपरवायझरने कोअरच्या ट्रेवर तारीख लिहायला सांगितली. दोन दिवसांत ती कोणी वाचेनासं झालं, आणि ओल्या हातांनी पुसलीही जात होती. उपाय पंधराव्या दिवसाच्या बैठकीत आला, ‘गाळी’वाल्या माणसाकडूनच. रिबिनीचे तीन रंग: चालू बारा तासांतल्या ट्रेला लाल, आधीच्या बारा तासांतल्याला पिवळा, आणि निळी रिबीन लागली की तो ट्रे मोल्डिंगकडे जायचाच नाही, फोडायचा. रिबिनी सकाळी आठला आणि रात्री आठला बदलतात. शहापूरच्या बाजारातून तीन रंगांची रीळं आणली, आणि रात्रपाळीला ती समजावून सांगायला तोच माणूस आठवडाभर उशिरापर्यंत थांबला. त्या तासांचे पैसे त्याला पाच हजारांतून मिळाले, मालकांना न विचारता.